पुरवणीतली बाग

माझ्या पीएचडीच्या प्रपोजलच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'रायगड किनाऱ्यावरच्या परसबागांतली बहुतेक परदेशी फुलझाडं पोर्तुगीजांनी आणली.' लिहिताना मी जराही अडखळले नाही. लहानपणापासून ऐकलेलं होतं, दोन-तीन पेपरांच्या प्रस्तावनेतही तसंच होतं, आणि रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट आमच्या घरापासून सायकलवर पंधरा मिनिटांवर. मसुदा परत आला तेव्हा त्या वाक्याखाली सरांनी पेन्सिलने एकच शब्द लिहिला होता: 'कशावरून?'

त्या एका शब्दात माझे आठ महिने गेले. वाया गेले असं म्हणणार नाही, पण त्यातली एक चूक अशी आहे की ती आता दुरुस्त करता येत नाही. तुम्ही प्रपोजल लिहायच्या तयारीत असाल तर तीच चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून हा लेख.

आधी जागा समजून घ्या. अलिबाग तालुक्यातला आवास-सासवण्यापासून चौल-रेवदंड्यापर्यंतचा किनारा म्हणजे अष्टागर. आगर म्हणजे माडा-पोफळींची बागायत. तुम्ही इथे आला असाल तर वाड्या पाहिल्याच असतील: उंच माड, त्यांच्या सावलीत पोफळी, मधून पाण्याचा पाट, एका कोपऱ्यात विहीर. माड-पोफळी हे उत्पन्न. त्यांची मोजदाद होते, सातबाऱ्यावर नोंद होते. घराच्या पुढच्या-मागच्या दारी जी फुलझाडं असतात त्यांची नोंद कुठेच नसते. ती घरातल्या बाईची हौस.

आमच्या आजीची ही हौस गावात प्रसिद्ध होती. पुढच्या दारी चाफा, फाटकावर बोगनवेल, जास्वंदीचे पाच रंग, मोरीच्या पाण्यावर कर्दळ आणि गुलबक्षी, विहिरीच्या खांबावर कृष्णकमळ, ओळीने निशिगंध, आणि पुढे पुढे नारळाच्या सोडणात लावलेलं अँथुरियम, पाटाकडेला हेलिकोनिया. बी.एस्सी.ला वनस्पतीशास्त्र घेतल्यावर मी एका सुट्टीत सहज यादी केली. यातलं जवळजवळ सगळं बाहेरचं निघालं. चाफा, झेंडू आणि निशिगंध मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या मुलखातले. गुलबक्षी, कर्दळ आणि कृष्णकमळ अमेरिका खंडातले. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. कुंपणातली सदाफुली आणि रस्त्यावरचा गुलमोहर मादागास्करचे. जास्वंद तर जंगली अवस्थेत जगात कुठेच सापडत नाही. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग काय, मीसुद्धा सासरी आलेलीच आहे."

तर प्रश्न असा होता: ही झाडं इथे आली कशी, आणि ते कशावरून सांगायचं?

पहिला साक्षीदार: नाव

सगळ्यात हाताशी असतं ते झाडाचं नाव. पण नाव हा फार चलाख साक्षीदार आहे. त्याची उलटतपासणी घ्यावीच लागते.

'गुलबक्षी' घ्या. 'गुल' ऐकलं की वाटतं, इराणातून आली असणार. झाड अमेरिकेतलं. लिनियसने १७५३ मध्ये तिला जे नाव दिलं त्यातला 'जलापा' हा शब्द मेक्सिकोतल्या एका शहराच्या नावाशी जोडलेला आहे. फारसी आहे तो फक्त नावाचा पोशाख. झेंडूला इंग्रजीत 'आफ्रिकन मॅरिगोल्ड' म्हणतात, आणि झेंडूचा आफ्रिकेशी मूळचा काही संबंध नाही. तो मेक्सिकोचा. तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या स्मरणाचा सण असतो, त्याला झेंडूच लागतो. आपल्याकडे दसऱ्याला त्याचं तोरण. एका फुलाने दोन खंडांत देवघर गाठलं आणि दोन्हीकडे लोकांना वाटतं की ते आपलंच.

चाफ्याचं आणखी वेगळं. 'चाफा' हे नाव मूळचं सोनचाफ्याचं, 'चंपक' हा संस्कृत शब्द त्याचाच. अमेरिकेतून आलेल्या, जाड फांद्यांच्या आणि चिकाच्या झाडाला आपण वासावरून तेच नाव दिलं आणि नुसतं पुढे 'देव' किंवा 'खुर' लावलं. म्हणजे जुन्या ग्रंथात 'चंपक' वाचून 'बघा, चाफा आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून आहे' असं कुणी लिहिलं तर ती नावाची फसवणूक आहे. शास्त्रीय नावाशिवाय फुलाबद्दल ऐतिहासिक विधान करू नका, हा इथला पहिला धडा.

कृष्णकमळाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश धर्मगुरूंनी ते फूल पाहिलं तेव्हा त्यांना त्यात ख्रिस्ताच्या यातना दिसल्या: तंतूंचं वलय म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, तीन कुक्ष्या म्हणजे तीन खिळे. तेच फूल आपल्याकडे आलं आणि आपण त्याच तंतूंचे शंभर कौरव केले, पाच पुंकेसरांचे पाच पांडव, तिघांचे ब्रह्मा-विष्णू-महेश. फूल तेच, मोजणीही तीच, फक्त गोष्ट बदलली.

इथे माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ती अजून गृहीतकच आहे, पण तुम्हीही तपासून पाहा. पोर्तुगीजांच्या मार्गाने आलेल्या खाण्याच्या वस्तू आपापली नावं घेऊन आल्या: काजू, बटाटा, अननस. बाजारात वस्तू मागायला नाव लागतं. फुलं मात्र इथे येऊन बहुधा नवीन नावाने नांदली. फूल मागायला नाव लागत नाही, बोट दाखवलं तरी पुरतं.

दुसरा साक्षीदार: तारीख

नावावर भागेना तेव्हा मी तारखांकडे वळले. चौल हे फार जुनं बंदर. ग्रीक-रोमन काळातल्या लेखकांना ते ठाऊक होतं, आणि पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी इथेच उतरला. पोर्तुगीजांनी रेवदंड्याचा किल्ला सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधायला घेतला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांच्या ताब्यात आला. म्हणजे पोर्तुगीजांचा इथला काळ दोन शतकांहून थोडा जास्त.

आता फुलांच्या तारखा पाहा. बोगनवेल विज्ञानाला माहीत झाली ती १७६७ मध्ये. बोगेनव्हिल या फ्रेंच कप्तानाच्या पृथ्वीप्रदक्षिणेत कॉमर्सों नावाचा वनस्पतीतज्ज्ञ होता, त्याने ती रिओ दि जानेरोजवळ गोळा केली. त्याच्याबरोबर मदतनीस म्हणून पुरुषाच्या वेषात झान बारे ही बाई होती, आणि नमुने गोळा करण्यात तिचा मोठा वाटा होता. नाव मात्र कप्तानाचं लागलं. गुलमोहराचं त्याहून अलीकडचं. बोयर या निसर्ग-अभ्यासकाला तो मादागास्करमध्ये १८२० च्या दशकात दिसला आणि १८२९ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं. त्यामुळे ऐतिहासिक मालिकेत मावळे घोडे दौडवतायत आणि मागे गुलमोहर फुललाय असं दिसलं की आमच्या लॅबमध्ये हशा पिकतो. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यांनी कुलाब्याच्या तटावरून पुष्कळ काही पाहिलं असेल, गुलमोहर पाहिला असण्याची शक्यता जवळजवळ नाही.

मी हे सगळं तक्त्यात मांडून सरांकडे गेले. पोर्तुगीज गेले १७४० मध्ये, बोगनवेल सापडली १७६७ मध्ये, म्हणजे ती पोर्तुगीजांनी आणलेली नाही. सिद्ध! सर म्हणाले, "रिओ कुणाचं बंदर होतं?"

पोर्तुगीजांचं. ब्राझीलच त्यांचं होतं. कॉमर्सोंच्या आधीही तिथल्या कुंपणांवर ती वेल असू शकत होती आणि एखाद्या खलाशाने फांदी उचललेली असू शकत होती. शास्त्रज्ञाला माहीत होणं आणि माणसाला माहीत होणं या दोन वेगळ्या तारखा आहेत. हे वाक्य लिहून ठेवा, पुढे कामी येईल.

मग बोगनवेलीला सोडवलं ते पुन्हा नावानेच. मराठीत तिला दुसरं रुळलेलं नाव नाही. 'बोगनवेल' हे 'बोगेनव्हिलिया'चंच आपल्या जिभेवर आलेलं रूप, त्यात शेवटी आपली 'वेल' आयती बसली. ते शास्त्रीय नाव छापलं गेलं १७८९ मध्ये. फ्रेंच कप्तानाचं नाव घेऊन आलेली वेल ही पुस्तकातून, रोपवाटिकेतून, सरकारी बागेतून आलेली असणार, रेवदंड्याच्या कोटातून नव्हे. नाव आणि तारीख, दोन्ही साक्षीदार एकत्र उभे केले तेव्हा कुठे एका वेलीपुरतं उत्तर मिळालं.

तिसरा साक्षीदार: यादी

एकोणिसाव्या शतकात आलं की कागद मिळायला लागतात. मुंबईच्या झाडांची पहिली मोठी यादी १८३९ ची. ती करणारा जॉन ग्रॅहम हा काही पगारी वनस्पतीतज्ज्ञ नव्हता, तो मुंबईच्या टपाल खात्यात अधिकारी होता. कचेरी सांभाळून त्याने रानातली आणि बागांतली दोन्ही झाडं नोंदवली. पुस्तक छापून पूर्ण व्हायच्या आत तो खंडाळ्याला वारला आणि उरलेलं काम त्याच्या मित्राने पुरं केलं. म्हणजे या विषयाचा आपल्याकडचा पायाच एका हौशी माणसाने घातलेला आहे.

त्यानंतर १८६१ मध्ये डॅल्झेल आणि गिब्सन यांचं 'बॉम्बे फ्लोरा' आलं. गिब्सन हे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक, पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचेही प्रमुख. या पुस्तकाची रचना नीट पाहा. मुख्य भागात इथली मूळची झाडं. लावलेली आणि बाहेरून आलेली झाडं मागे एका पुरवणीत, आणि त्या पुरवणीचे पृष्ठक्रमांकही वेगळे, पुन्हा एकपासून. तुम्ही संदर्भ द्यायला गेलात तर पानाच्या आकड्याआधी 'पुरवणी' असं लिहावं लागतं, नाहीतर भलतंच पान उघडतं. पुढे थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात निघालेला ग्रंथ आला. त्यातही बागेतल्या झाडांचा मान साधारण असाच, मुख्य वर्णन झाल्यावर जाता जाता.

यात त्यांची चूक नाही. रानात आपोआप उगवणारं आणि माणसाने लावलेलं यांत फरक करणं वनस्पतीशास्त्राला गरजेचंच आहे. पण त्याचा परिणाम काय झाला ते लक्षात घ्या. आजही हर्बेरियममध्ये गेलात, मग ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम असो की पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं, तुम्हाला सह्याद्रीतल्या एखाद्या दुर्मीळ गवताचे नमुने मिळतील. पण ज्या चाफ्याखाली तुम्ही लहानाचे मोठे झालात त्याचा तुमच्या तालुक्यातला नमुना मिळायची शक्यता कमी. परसदारचं झाड गोळा करायला कुणी डोंगर चढून जात नाही, आणि जे सहज मिळतं ते गोळा केलं जात नाही.

या कागदांतून एवढं मात्र कळतं की झाडं प्रवास कशी करत होती. जहाजावर खारा वारा आणि गोड्या पाण्याचा तुटवडा, त्यामुळे जिवंत रोपं वाटेतच मरत. १८३० च्या आसपास लंडनच्या डॉ. वॉर्ड यांच्या लक्षात आलं की बंद काचेच्या पेटीत रोप स्वतःच्याच ओलाव्यावर महिनोन्‌महिने जगतं. १८३३ मध्ये अशा पेट्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला पाठवल्या आणि रोपं जिवंत पोचली. त्यानंतर उष्ण कटिबंधातल्या बागा एकमेकींना झाडं धाडू लागल्या. मुंबईत आधी शिवडीला कृषी-बागायत सोसायटीची बाग होती. पुढे १८६२ मध्ये भायखळ्याला व्हिक्टोरिया गार्डन्स उघडलं, म्हणजे आपली राणीची बाग.

पण राणीच्या बागेपासून आमच्या आजीच्या फाटकापर्यंतचा प्रवास कुठल्या कागदावर आहे? फांदी छाटणाऱ्या माळ्याचं नाव मला तरी कुठल्या यादीत सापडलं नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली काय काय काटकं गेली असतील, त्याची पावती कोण फाडणार?

हाताने चालणारी झाडं

इथे विज्ञान मदतीला आलं. माझं मूळ काम बागेतली झाडं बाहेर कशी पसरतात यावर आहे. त्या नजरेने पाहिलं तर आजीच्या बागेतल्या झाडांचे दोन गट पडतात.

एक गट स्वतः चालणारा. गुलबक्षीचं मिऱ्यासारखं काळं बी पडतं आणि पावसात रुजतं. सदाफुली भिंतीच्या फटीतही उगवते. अशी झाडं एखाद्या दारात दिसली म्हणून ती कुणी मुद्दाम आणली असं म्हणता येत नाही.

दुसरा गट हातानेच चालणारा. आपल्याकडच्या बोगनवेलीला बी क्वचितच धरतं, अनेक संकरित जातींना तर धरतच नाही. जास्वंदीचे दुहेरी पाकळ्यांचे प्रकार फांदीवर चालतात, निशिगंध कंदांवर, चाफा आपल्याकडे बहुतेक फांद्यांवरच. यांचं प्रत्येक नवीन झाड हे जुन्या झाडाचाच तुकडा असतं, जनुकांच्या हिशोबाने तेच झाड. यात इतिहासाचा पुरावा लपलेला आहे. असं झाड दारात उभं आहे याचा अर्थ कधीतरी कुणीतरी फांदी मागितली होती आणि कुणीतरी ती दिली होती. झाड हीच त्या देवघेवीची नोंद.

जगात एखाद्या बाईला तिच्या हौशीचं श्रेय मिळालेलंही आहे. १९१० च्या सुमारास त्रिनिदादच्या मिसेस बट यांना कोलंबियातल्या कार्ताखेना इथे एका बागेत किरमिजी रंगाची बोगनवेल दिसली. त्यांनी ती घरी नेली, तिथून ती जगभर गेली. पुढे कळलं की तो दोन जातींचा संकर आहे, आणि त्याच्या शास्त्रीय नावात त्यांचं नाव कायमचं बसलं. तुमच्या सोसायटीच्या भिंतीवर जी गडद लाल वेल आहे ती बहुधा त्याच घराण्यातली.

फांदी देण्यातही ज्ञान असतं बरं का. चाफ्याची फांदी तोडल्या तोडल्या लावली तर कुजते. आजी ती पडवीत आठ-दहा दिवस आडवी ठेवायची, चीक सुकेपर्यंत. मागायला आलेल्या बाईला फांदीबरोबर ही सूचनाही मिळायची. पुस्तकातल्या यादीत झाडाचं नाव असतं, ही सूचना नसते.

३ जून २०२०

त्या दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा वाडीत आकाश दिसत होतं. ज्यांनी वाडी पाहिली आहे त्यांना कळेल याचा अर्थ काय. माड मुळासकट आडवे, पोफळी अर्ध्यावर मोडलेल्या. फाटकावरच्या बोगनवेलीवर माड पडला होता, आणि पुढच्या आठवड्यात ओंडके उचलताना तिचं खोडही उपटून गेलं. जास्वंदी खाऱ्या वाऱ्याने करपल्या. चाफा फाटला होता.

पंचनाम्यात माड आणि पोफळी मोजल्या गेल्या. मीही मोजत होते. लॉकडाउनमुळे घरीच होते, माझ्या विषयाला आयता डेटा मिळाला होता. किती झाडं पडली, कुठल्या दिशेला, खोडाचा घेर किती, सगळं वहीत.

जुलैमध्ये पाऊस स्थिरावला आणि शेजारपाजारच्या बाया यायला लागल्या. कुणाच्या हातात बोगनवेलीची मुळं फुटलेली काडी, कुणाच्या पिशवीत निशिगंधाचे कंद, कुणी पिवळी जास्वंद आणली. ही सगळी आजीचीच झाडं होती. कधी वीस, कधी तीस वर्षांपूर्वी तिने दिलेली, वेगवेगळ्या आडोशांना वाचलेली. चाफ्याच्या तर पडलेल्या फांद्याच तिने पडवीत ओळीने सुकायला ठेवल्या होत्या. प्रत्येक झाड हातात घेऊन आजी सांगायची की ही माझ्या भावाने गोदीतून येताना आणलेली, ही अमकीच्या माहेरची, ही दवाखान्याच्या आवारातून मागून घेतलेली. आणि म्हणायची, "ठेवलं असतं तर गेलं असतं. दिलं म्हणून राहिलं."

मी ऐकत होते. लिहिलं काहीच नाही. माझी वही पडलेल्या माडांची होती.

तीन वर्षांनी, सरांच्या 'कशावरून?'चा पाठलाग करत ग्रॅहम, डॅल्झेल, कुक सगळं वाचून झाल्यावर, मला कळलं की माझ्या साखळीतली शेवटची कडी फक्त आजीकडे आहे. रेकॉर्डर घेऊन बसले. तोपर्यंत तिचं वय नव्वदीला टेकलं होतं. लाल बोगनवेल कुणाची, तर एकदा भावाची म्हणाली, एकदा जावेची, तिसऱ्यांदा मलाच विचारलं, "तू आणलीस ना गं?" छापील पुस्तकं १८३९ पासून थांबली होती आणि अजून दीडशे वर्षं थांबली असती. मी आधी ती वाचली.

तुम्हाला सांगायची चूक ती हीच. जो पुरावा थांबू शकतो तो नंतर घ्या. जो थांबू शकत नाही तो आधी. पद्धतीशास्त्राच्या पेपरमध्ये हे कुणी विचारणार नाही, म्हणून इथे सांगतेय.

मग मी उलट्या बाजूने गेले. ज्यांनी फांद्या परत आणल्या त्यांच्या घरी जाऊन विचारलं की आजीने तुम्हाला हे दिलं तेव्हा काय म्हणाली होती? काही जणींना आठवत होतं. दोघींचं जुळलं की खूण करायची, नाही जुळलं तर दोन्ही लिहून ठेवायचं. अशी नऊ घरं झाली आहेत. नकाशा अर्धवट आहे, पण त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसते. झाडं रस्त्याने पसरलेली नाहीत, माहेर-सासरच्या रेषांवरून पसरली आहेत.

ज्या फांद्या देऊ नयेत

हे सगळं वाचून परदेशी फुलझाड म्हणजे निव्वळ आनंद असं वाटेल, तर तेही खरं नाही. घाणेरी, म्हणजे टणटणी, शोभेचं झाड म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आली. तिची फळं पक्षी खातात, बी लांब टाकतात, आणि आज तिच्याखाली किती रान गेलंय ते तुम्ही कुठल्याही डोंगरावर पाहता. तळ्यांतली जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांसाठीच कौतुकाने देशोदेशी नेली गेली. सध्या किनाऱ्यावरच्या बंगल्यांत आणि रिसॉर्टांत पिवळ्या फुलांचं एक सरपटणारं झाड हिरवळीऐवजी लावतात, वेडेलिया म्हणून विकतात. त्याचा प्रत्येक पेरातून मूळ धरणारा तुकडा कचऱ्याबरोबर ओढ्यात पडला की तिथे गालिचा होतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक जातींची जी यादी नेहमी दिली जाते, तिच्यात घाणेरी, जलपर्णी आणि हे वेडेलिया, तिघंही आहेत.

म्हणून माझ्या प्रबंधात 'देशी की विदेशी' हा प्रश्न पहिला नाही. पहिला प्रश्न आहे: हे झाड स्वतः चालतं की हाताने? हाताने चालणारं असेल तर खुशाल मागा, खुशाल द्या. स्वतः चालणारं असेल तर आधी दोन पावसाळे त्याच्यावर नजर ठेवा.

तुमच्यासाठी काम

प्रपोजलमधलं ते वाक्य आता असं आहे: 'रायगड किनाऱ्यावरच्या परसबागांतली परदेशी फुलझाडं वेगवेगळ्या काळात, किमान तीन मार्गांनी आली: बंदर, सरकारी व सोसायटीच्या बागा, आणि घराघरांतली देवघेव. तिसऱ्या मार्गाची लेखी नोंद नाही.' पहिल्या वाक्यापेक्षा ते लांब आहे आणि कमी ऐटबाज आहे. पण त्याच्याखाली पेन्सिलची खूण आली नाही.

तुम्ही एवढंच करा. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या एका फुलझाडाचं शास्त्रीय नाव शोधा. ते ग्रॅहमच्या आणि डॅल्झेल-गिब्सनच्या पुस्तकात पाहा, दोन्ही इंटरनेटवर मोफत वाचता येतात. मराठी नाव मोल्सवर्थच्या कोशात पाहा, म्हणजे शब्द किमान किती जुना ते कळेल. पण हे तिन्ही पुढच्या आठवड्यात केलंत तरी चालेल. आज फक्त ज्यांनी ते झाड लावलं त्यांना विचारा की कुणी दिलं, आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवा.

हर्बेरियमच्या नमुन्यावर एक चिठ्ठी असते: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. लागवडीचं झाड असेल तर नुसतं 'लागवडीतील' लिहून सोडतात. मागच्या महिन्यात मी आमच्या फाटकावरच्या नव्या बोगनवेलीचा नमुना वर्तमानपत्रात दाबला. चिठ्ठीवर 'लागवडीतील'च्या पुढे दोन ओळी जास्त लिहिल्या: 'मूळ झाड याच दारातलं, २०२० च्या वादळात गेलं. फांदी शेजारच्या घरून परत. त्याआधी कुणी आणली याबद्दल दोन आठवणी: भाऊ, जाऊ.'

दोन्ही ठेवल्या आहेत.